डाव्या खुर्चीचा ठराव

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. त्या काळी माणसं विमानात बसायला ठेवणीतले कपडे घालून येत. विमानात डावी खुर्ची कॅप्टनची, उजवी त्याच्या जोडीदाराची. ताईंच्या यजमानांचे केस उजव्या खुर्चीतच पांढरे होत आले होते. पण वैमानिकांच्या युनियनचा नियम होता : जो आधी लागला, तो आधी कॅप्टन. आता पाळी त्यांचीच होती.

ताईंचा धाकटा भाऊही त्याच कंपनीत, उजव्याच खुर्चीत. एकदा जेवताना तो म्हणाला, "भाऊजी, युनियननं पगार वाढवला, कबूल. पण कॅप्टन व्हायला ही काय नळावरची रांग आहे?"

"युनियन नव्हती तेव्हा साहेबाचा भाचा आधी कॅप्टन व्हायचा. रांगेत भाचे तरी घुसत नाहीत."

"मेहुणे घुसतात," ताई म्हणाल्या.

मेहुण्याने ठरावच मांडला : नियम रद्द करावा, परीक्षा घेऊन कॅप्टन निवडावा. सभा दुपारची. पंखे घरघरत होते, खिडकीतून ढग सरकत होते. यजमानांचा डोळा लागला. स्वप्नात ते डाव्या खुर्चीत होते. खाली पिंजलेला कापूस, वर नुसतं निळं. ढग संपले, तसा 'पट्टे बांधा'चा दिवा मालवायला त्यांनी डोक्यावर हात नेला.

"ठरावाच्या बाजूचे हात वर!" अध्यक्ष तेव्हाच म्हणाले होते.

ठराव अवघ्या एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

"पायावर धोंडा पाडून घेणारे पाहिले होते," ताई म्हणाल्या, "झोपेत पाडून घेणारे तुम्ही पहिलेच!"

परीक्षा देऊन मेहुणा कॅप्टन झाला. पण नियम गेला तसा साहेबाला जोर चढला. तोंड पाहून पगार ठरू लागले. घाबरून सगळ्यांनी नियम परत आणायला सभा बोलावली.

"अहो, हाताची घडी घालून बसा," ताईंनी दारातच बजावलं. "जागे असलात तरच सोडा."

त्यांनी शब्द पाळला. घडी घालून ते गाढ झोपले. ठराव एका मताने पडला.

पुढे कॅप्टनांचेच पगार आधी कापले गेले, तेव्हा मेहुणा युनियनचा अध्यक्ष झाला आणि तोच नियम परत मागत म्हातारा झाला. यजमान उजव्या खुर्चीतून निवृत्त झाले. विमानात ज्याला 'कॅप्टन' म्हणायचं, त्याला घरी "पाणी आण रे" म्हणायची त्यांची सवय मात्र शेवटपर्यंत टिकली.

ताईंनी खिडकीशी दोन खुर्च्या मांडल्या, डावी यजमानांची. दुपारी ते तिथे डुलक्या घेत. चेहऱ्यावर ऊन आलं की हात हळूच वर जाई. उजव्या खुर्चीतल्या ताई तेवढ्याचीच वाट पाहत असत.

"नवे पडदे घ्यायचे ना?" त्या हलकेच विचारत आणि हात पाहून स्वतःच म्हणत, "मंजूर."