नाना घरतांना हवा असलेला मीटर

नाना घरत कुठल्याही गोष्टीकडे बघून एकच विचारायचे, “राहिलं किती?” लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भटजींना विचारायचे. माझ्या वडिलांना दवाखान्यात सलाईन लावलं होतं, तेव्हा भेटायला आले, खुर्चीत टेकले आणि बाटलीकडे बघत नर्सला म्हणाले, “राहिलं किती?” वडिलांनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, प्रश्न त्यांच्याबद्दलच आहे.

जुन्या पनवेलमध्ये नानांचं घर आमच्या घराला लागून. ते वीजखात्यात मीटर वाचायचे. सुकापूरपासून कोनपर्यंतची फेरी सायकलवरून करायचे. माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता, मीटरवर होता. “मीटरला सोयरेधायरे नसतात, सर,” असं मला ऐकवायचे. मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचो, म्हणून सर.

नव्वद सालच्या आसपास या माणसाच्या डोक्यात सायकलला लावायचा मीटर शिरला. हँडलवर काडेपेटीएवढी डबी, पुढच्या चाकाच्या स्पोकला लोहचुंबक, चाक फिरलं की डबीत आकडा पडतो, अशी ती वस्तू. आपल्याकडे सहजी मिळायची नाही. आळीतलं कोणी दुबईला, सिंगापूरला निघालं की लोक टेपरेकॉर्डर सांगायचे, अत्तर सांगायचे. नाना मीटर सांगायचे. परदेशी कंपन्यांना माहितीपत्रकं मागवणारी पत्रं माझ्याकडून लिहून घ्यायचे आणि आली की वाचायलाही मलाच बसवायचे.

नाकारण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पहिला मीटर मुंबईच्या जुन्या बाजारातून आला. स्पोकवरची खुंटी दर फेरीला त्याच्यावर आपटून आकडा पुढे ढकलायची. नानांनी आळीत एक चक्कर मारली आणि तो काढून माझ्या हातात दिला. “हा मीटर नाय, सुतारपक्षी हाय.” दुसरा स्कूटरसारखा केबलवर चालणारा. तो चाक ओढतो म्हणून बाद. “चढावर माणूस मरतो, आणि हा त्याच्याच दमावर आकडे दाखवणार?”

तिसरा खरोखर चांगला होता. आमच्या आळीतले उस्मानभाई, त्यांच्या भावाने तो दुबईहून आणला. वेग, सरासरी, वेळ, अंतर, सगळं दाखवायचा. कोनच्या फाट्यापर्यंत जाऊन नानांनी तो रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिला. बरोबर निघाला. तरी परत आले ते तोंड पाडून.

“राहिलेलं कुठे दाखवतो?”

“राहिलेलं कसं दाखवेल, नाना? गेलेलं दाखवतो.”

“गेलेल्याचं काय लोणचं घालू?”

उस्मानभाई कळवळले. “नाना, खुदा के वास्ते ठेवून घ्या. भावाने बायकोचं अत्तर रद्द करून आणलाय हा!”

नानांनी ठेवून घेतला नाही. स्टाफरूममध्ये मी या प्रसंगाची नक्कल करायचो. लोणच्याच्या वाक्याला हमखास हशा मिळायचा.

एकदा नानांच्या बायकोने, शेवंताकाकूंनी, ती नक्कल आमच्या ओट्यावर ऐकली. त्या हसल्या नाहीत. “तो मीटर त्यांना स्वतःसाठी नको हाय, सर,” एवढंच म्हणाल्या. “प्रकाशसाठी हाय.” आणि मग त्यांनी सांगितलं.

प्रकाश त्यांचा एकुलता एक मुलगा. सायकल जोरात मारायचा. नानांनी त्याला सहा वर्षं घडवलं, म्हणजे पहाटे उठवून त्याच्यामागे स्कूटरवरून ओरडत फिरले. एकोणिसाव्या वर्षी तो पनवेल ते खंडाळा शर्यतीत उतरला. घाटात सगळ्यांच्या पुढे होता. घाटमाथा तीन किलोमीटरवर असताना सायकलवरून उतरला, सायकल कठड्याला टेकवली आणि वर चाललेल्या एका ट्रकमध्ये बसून निघून गेला. पुढे नाशिकला कारखान्यात लागला. सात वर्षांत घरी आला नव्हता. आईला दिवाळीत कार्ड यायचं.

“ट्रकांच्या रांगेत माझी स्कूटर अडकली,” नंतर नाना स्वतःच मला म्हणाले. “शेवटी त्याला राहिलं किती, ते सांगायला कोणी नव्हतं. तीनच राहिलेत हे दिसलं असतं, तर पोरगा थांबला नसता.”

त्या दिवसापासून मी नक्कल बंद केली. फार मोठं काही केलं असं नाही.

वर्षभराने एका माहितीपत्रकात तसा मीटर सापडला. आधी अंतर भरायचं, मग आकडा उतरत उतरत शून्यावर येतो. उस्मानभाईंचा भाऊ, मोठ्या मनाचा माणूस, तोही घेऊन आला. आता त्यात चाकाचा घेर भरायचा होता. सायकलवर माणूस बसला की टायर दबतो, घेर किंचित कमी होतो, म्हणून वजन ठेवून मोजायला हवा. नानांनी वाण्याच्या काट्यावर मिठाचं पोतं नेमकं छप्पन किलो करून आणलं आणि सीटवर बांधलं. मी हँडल धरलं, ते खडूने खुणा करत मागून चालले. सगळी आळी बाहेर आली. “नाना, मिठाला शर्यतीत उतरवताय का?”

“छप्पनच का?” मी हळूच विचारलं.

“प्रकाशचं वजन. शर्यतीच्या सकाळी काट्यावर उभा केलेला त्याला.”

तो मुलगा आता सत्तावीस वर्षांचा होता.

मेव्हणीच्या लग्नाला मी नाशिकला जाणार होतो. नानांनी मीटर माझ्याकडे दिला, सोबत लावायचा कसा याचे स्वतःच्या हाताने लिहिलेले चार कागद.

प्रकाशला पोट सुटलं होतं. त्याने चहा केला, डबी उघडून पाहिली, कागद मात्र उघडले नाहीत.

“सायकल नाहीये माझ्याकडे, सर. कंपनीची बस येते.”

मास्तरकीची खोड जात नाही. मी त्याला समजावायला गेलो. म्हटलं, “राहिलं किती हे तुला तेव्हा कळलं असतं, तर तू थांबला नसतास, असं नानांना वाटतं.”

त्याने डबी मिटली. “मला माहीत होतं. तीन किलोमीटर. दगड होते की रस्त्यावर. आणि बाबा मागे अडकलेत, हेही माहीत होतं. तेवढ्यातच उतरता येणार होतं.”

मीटर त्याने परत दिला नाही. “परत नेलात तर त्यांना लागेल. इथे देईन कोणाला तरी.”

परतीच्या गाडीत मी काय सांगायचं ते जुळवलं. नाना ओट्यावर वाटच बघत होते.

“लावला?”

“लावला.”

“कुठल्या बाजूला? चुंबक केवढ्या अंतरावर ठेवला?”

मी उजवी म्हणालो, मग डावी म्हणालो.

“सर,” नाना म्हणाले, “तुमाला खोटं बोलता येत नाय.”

मग मी सगळं सांगितलं. काकू दारात उभ्या होत्या.

“म्हणजे मी मागे राहिलो,” नाना म्हणाले, “तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं.”

आठ दिवसांनी ते कोरं कार्ड घेऊन आले. “तुमी लिहा. माझं अक्षर बघून फाडील तो.” आई बरी आहे, आंब्याला यंदा मोहोर कमी आहे, असं सांगत गेले. मग थांबले. मी पेन धरून बसलो.

“लिहा. तुला वाटलं तर ये. एसटीने ये. मी स्टँडवर घ्यायला येणार नाही.”

“नाना, हे वाचून त्याला काय वाटेल?”

“तुमी लिहा, सर. आला तर तेवढं वाचूनच येईल.”

मी लिहिलं.

प्रकाश आला, पण चौदा महिन्यांनी, आणि दोनच दिवसांसाठी. गाडी दुपारची होती. नाना सकाळपासून ओट्यावर बसून होते, स्टँडकडच्या रस्त्याकडे पाठ करून. फाटक वाजलं, पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला, तरी त्यांनी मान वळवली नाही. प्रकाशच पुढून फिरून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.