दारात न मावणारं देणं

उज्ज्वलाबाई तेरदाळे यांचं थकलेलं देणं त्यांच्याच घरात, मधल्या खोलीत राहत असे. आमच्या गावात थकलेली देणी अशीच राहतात. ज्याचं देणं, त्याच्या घरी. कुणाचं गुडघ्याएवढं असतं, कुणाचं खांद्याएवढं. उज्ज्वलाबाईंचं मात्र इतकं वाढलं होतं की त्यांना मधल्या खोलीतला पंखा काढून ठेवावा लागला होता.

देणं स्वभावानं गरीब होतं. जेवत नसे, भांडत नसे. वाळलेले कपडे दोरीवरून काढून घड्या घालून ठेवी. घरात एखादी नवी वस्तू आली की तेवढं ते उठून जवळ येई, तिला एकदा बोट लावून पाही आणि पुन्हा जागेवर जाऊन बसे. बोलत काही नसे. पण त्या बोट लावण्यामुळे उज्ज्वलाबाईंनी कित्येक वर्षांत नवी साडी घेतली नव्हती.

हे देणं दस्तगीर मुल्लांचं. उज्ज्वलाबाईंचा छापखाना होता तेव्हा दस्तगीरचाचा तिथे बाइंडिंग करायचे. पावतीपुस्तकं, शाळांच्या वह्या, गणेश मंडळांचे अहवाल, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. मग गावात नवी यंत्रं आली आणि छापखान्याचं काम आटत गेलं. उज्ज्वलाबाई दर महिन्याला म्हणायच्या, "चाचा, पुढच्या महिन्यात सगळं एकदम देते." चाचा म्हणायचे, "द्या की. तुम्ही कुठं पळून जाताय?" असं वर्षाच्या वर चाललं. शेवटी यंत्रं बँकेनं नेली, शटर खाली आलं आणि त्याच संध्याकाळी देणं घरी आलं. तेव्हा ते उज्ज्वलाबाईंच्या कमरेला लागत होतं.

त्या पळून गेल्या नाहीत. फक्त चाचांच्या गल्लीतून जायचं त्यांनी सोडलं. बाजारात जायचं झालं तरी त्या तळ्याकडून वळसा घालून जात. घरी बसून मुद्रितं तपासत, कुणाकुणाचे प्रबंध टाइप करून देत. पोटापुरतं मिळे. देण्याला द्यावं असं काही उरत नसे, आणि देणं वाढत असे.

अशात कोल्हापूरच्या एका पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या संस्थेनं त्यांना मुलाखतीला बोलावलं. देण्याला बरोबर आणावं, असं कळवलेलं होतं. कोल्हापूरच्या एसटीत कंडक्टरनं देण्याकडे मान वर करून पाहिलं आणि पूर्ण तिकीट फाडलं.

मुलाखत चांगली झाली. संस्थेचे व्यवस्थापक पोतनीस यांनी त्यांना दोन नमुने दाखवले. एकाचा कागद उलट्या धाग्याचा आहे, पुस्तक नीट उघडणार नाही, हे उज्ज्वलाबाईंनी पान वाकवून लगेच सांगितलं. पोतनीस खूश झाले. छपाई विभाग त्यांच्याकडे द्यायचं ठरलं. पगारही सांगितला. तो ऐकून बाहेर व्हरांड्यात बसलेलं देणं उठून उभं राहिलं.

तेव्हा पोतनीसांचं लक्ष तिकडे गेलं.

"हे तुमचंच?"

"होय."

"एकच आहे?"

"एकच. पण जुनं आहे."

पोतनीसांनी उठून देण्याची उंची डोळ्यांनी मापली, मग दाराची मापली. ते परत येऊन बसले.

"बाई, देणं आहे म्हणून आम्ही कुणाला नाकारत नाही. देणं नसलेली माणसं आणायची कुठून? माझं टेबलाखाली आहे." त्यांनी पाय जरा बाजूला घेतले. टेबलाखाली मांजराएवढं एक देणं टाचणीच्या डबीशी खेळत होतं. "पण ते कर्मचाऱ्याशेजारी बसलं पाहिजे. बाहेर ठेवलं तर लोक म्हणतात, संस्थेनं लपवलं. तुमचं या दारातून येत नाही."

"ते वाकून येईल. घरी वाकतं."

"ते चालत नाही. वाकलेलं देणं म्हणजे कमी करून दाखवलेलं देणं."

"मग दार थोडं..."

"दार संस्थापकांच्या वेळचं आहे. त्याला हात लावता येत नाही." पोतनीसांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "तुमच्या गावात देणेघर आहे ना? तिथं ठेवून या. एक तारखेला हजर व्हा. बरेच जण तसं करतात."

देणेघर आमच्या गावाबाहेर, जुन्या जकात नाक्यामागे आहे. दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाबाई देण्याला घेऊन तिथे गेल्या. लांब पत्र्याची शेड, दोन्ही भिंतींना टेकून देणी बसलेली. कुणी पुण्याला गेलेल्यांची, कुणी दुबईला गेलेल्यांची. जागा स्वच्छ होती. देखरेखीला एक बाई होत्या, त्यांनी एका कोपऱ्यात छत उंच आहे ते दाखवलं. "इथं मावंल. त्रास काही नाही. पहिले चार-सहा महिने मालक येतात बघायला."

"आणि नंतर?"

"नंतर कशाला येतील?"

तेवढ्यात भिंतीकडची सगळी देणी हळूहळू मान वळवून उज्ज्वलाबाईंच्या तोंडाकडे पाहू लागली. आपल्याकडचं कुणी आलंय का, एवढंच ती पाहत होती. मग एकेक करून त्यांनी माना परत फिरवल्या. उज्ज्वलाबाई देण्याचा हात धरून बाहेर आल्या.

घरी आल्यावर त्यांनी चहा केला, पण तो प्यायल्या नाहीत. त्या देण्यासमोर जमिनीवर बसल्या.

"मी ही नोकरी घेऊ नये," त्या म्हणाल्या. "माणसाचे कष्टाचे पैसे बुडवून मी खुर्चीवर जाऊन बसायचं, वर भला पगार घ्यायचा. मला तो हक्क नाही. आधी तुझं व्हायला हवं."

देणं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोललं. त्याचा आवाज साधा होता.

"माझं कसं होणार?"

उज्ज्वलाबाईंनी गार झालेला कप बाजूला सरकवला.

"मला फिटायचंय," देणं म्हणालं. "तुम्ही नोकरी घ्या की नका घेऊ. पण माझा विषय काढलात म्हणून सांगितलं. खरं तर हे चाचांना विचारायला पाहिजे."

त्या दोघांनी तळ्याकडचा वळसा घेतला नाही. गल्लीत शिरताना उज्ज्वलाबाई मागे राहिल्या. देणं पुढे चाललं होतं. वाट त्याला ठाऊक होती असं दिसलं.

दस्तगीरचाचा दारात बसून बाइंडिंगची खळ ढवळत होते. एका डोळ्यावर पांढरा पडदा आला होता. शेजारी त्यांचं येणं बसलं होतं. देणेकऱ्याकडे देणं असतं तसं घेणेकऱ्याकडे येणं असतं, उंचीनं अगदी तेवढंच. चाचांचं घर बुटकं, म्हणून त्यांनी आतल्या एका कोपऱ्यातली जमीन उकरून खोल केली होती, येण्याला डोकं न आपटता उभं राहता यावं म्हणून. देणं आणि येणं एकमेकांकडे पाहत राहिली. लांबच्या लग्नात भेटलेल्या भावंडांसारखी ती एकमेकांच्या जवळ जाऊन बसली.

"कोण?" चाचांनी विचारलं.

"मी उज्ज्वला, चाचा."

चाचांनी खळीचं भांडं खाली ठेवलं.

"आवाजावरनं ओळखलं असतं," ते म्हणाले, "पण विसरलो होतो आवाज."

उज्ज्वलाबाईंनी सगळं सांगितलं. नोकरी, दार, देणेघर. आणि शेवटी म्हणाल्या, "मी नाही म्हणून कळवणार आहे. तुमचे पैसे दिल्याशिवाय मला तिथं बसणं शोभत नाही."

"का?"

"शोभत नाही, चाचा."

"नाही म्हटल्यावर काय होईल? तुम्हाला बरं वाटेल. रात्री झोप लागेल." चाचांचा आवाज चढला. "माझा हा डोळा गेला, बाई. ऑपरेशन वेळेवर झालं नाही. का झालं नाही ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या लाजेवर माझी चूल पेटत नाही. नोकरी तुम्ही सोडायची आणि उपास मी काढायचे, हा कुठला हिशेब?"

उज्ज्वलाबाई डोळ्याकडे पाहत होत्या. तो त्यांना माहीत नव्हता. त्या रडल्या नाहीत. रडणं हा आणखी एक तगादाच झाला असता.

"मला ठाऊक नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या.

"कसं असणार? तळ्याकडनं जाताय." चाचा थोडे शांत झाले. त्यांनी येण्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सुरुवातीला मी ह्याला रोज शिव्या घालायचो. तुमच्या नावाच्या. हे ऐकून घ्यायचं. बायको गेली तेव्हा रात्रभर हेच बसलं होतं जवळ. व्याज मी कधी लावलं नाही. तरी हे वाढतच गेलं. कशानं, ते काय मला कळलं नाही."

उज्ज्वलाबाईंना ते कळलं असावं. तळ्याकडचा वळसा त्यांना आठवला.

"दार केवढं आहे?" चाचांनी विचारलं.

"दाराला हात लावता येत नाही."

"केवढं आहे ते विचारलं मी."

एक तारखेला सकाळी दस्तगीरचाचा, उज्ज्वलाबाई, देणं आणि येणं असे चौघे कोल्हापूरला पोतनीसांसमोर उभे राहिले. चाचांच्या हातात छिन्नी आणि हातोडा होता.

"दाराला मी बोट लावत नाही," चाचा म्हणाले. "खालची फरशी काढतो. दारापासून बाईंच्या टेबलापर्यंत वीतभर जमीन उकरली की हे ताठ आत येतं. घरी केलंय मी."

पोतनीस विचारात पडले. त्यांनी एका जुन्या शिपायाला बोलावून विचारलं. शिपाई म्हणाला, दार संस्थापकांच्या वेळचं आहे, उंबराही. पण उंबऱ्याला लागून जी फरशी आहे ती परवाच्या दिवाळीत घातलेली. तिच्याबद्दल कुणी काही सांगून गेलेलं नाही.

"आणि उंबरा?" पोतनीसांनी विचारलं.

"त्याच्यावरनं ते पाय उचलून येईल की," चाचा म्हणाले. "आधी बाहेरची फरशी पण उकरायची. पाय उचलणं म्हणजे वाकणं नव्हे."

पोतनीसांनी हे मनात घोळवलं. "नव्हे," ते शेवटी म्हणाले. "तसं म्हणता येणार नाही. पण एक विचारतो. तुमचेच पैसे बुडाले ना? मग तुम्ही का एवढी खटपट करताय?"

"बुडाले नाहीत," चाचा म्हणाले. "थकलेत."

दुपारपर्यंत काम झालं. देणं उंबरा ओलांडून सरळ मानेनं आत आलं आणि उज्ज्वलाबाईंच्या खुर्चीशेजारी बसलं. लोक सुरुवातीला त्या खोलगट जागी अडखळत, मग अडखळेनासे झाले. छपाई विभागात देण्याला कुणी काही विचारलं नाही. ते फाटक्या पानांच्या गड्ड्या नीट रचून ठेवी, आणि कुणी नवीन माणूस टेबलाशी आला की त्याला ते आधी दिसे. उज्ज्वलाबाईंना पहिले काही महिने त्याची फार लाज वाटली. नंतर त्या स्वतःच सांगू लागल्या, "हे माझं देणं. बसा."

दर पगाराला त्या गल्लीतून चाचांकडे जात. पैसे हातात देत, चाचा ते मोजत नसत, येणं मोजी. दुसरा डोळा तरी वाचावा म्हणून उज्ज्वलाबाई त्यांना मिरजेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, आणि तो वाचला. देणं ओसरत गेलं. एका महिन्यात त्याचं डोकं खिडकीच्या गजाखाली आलं. पुढे कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट फाडू लागला, मग फाडेनासा झाला. शेवटी शेवटी ते त्यांच्या पिशवीत मावे आणि प्रवासात झोपून जाई.

शेवटचा हप्ता घेऊन त्या गेल्या तेव्हा चाचांनी हात पुढे केला नाही. येणं त्यांच्या मांडीवर होतं, तळहाताएवढं.

"थोडं राहू द्या की," चाचा म्हणाले. "एवढं असलं तर काय बिघडतंय? मला ह्याची सवय झालीय. घरात दुसरं कोण आहे?"

उज्ज्वलाबाईंनी पिशवीतून देणं बाहेर काढून चटईवर ठेवलं. त्यांनाही ते घरात नसेल ही कल्पना नीट करता येत नव्हती. कपड्यांच्या घड्या आता त्यांच्या त्यांना घालाव्या लागणार होत्या.

"ह्यालाच विचारू," त्या म्हणाल्या.

देण्यानं येण्याकडे पाहिलं. दोघांनाही बोलायला आता फार आवाज उरला नव्हता, म्हणून चाचा आणि उज्ज्वलाबाई खाली वाकले.

"आम्हाला फिटू द्या," ती दोघं म्हणाली.

चाचांनी मान हलवली. त्यांनी येण्याला मांडीवरून उतरवून देण्याशेजारी ठेवलं, त्याच्या डोक्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि मग हात पुढे केला. उज्ज्वलाबाईंनी पैसे त्यांच्या हातावर ठेवले. चटई रिकामी होती.

बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. चाचा उठले आणि चहा करायला आत गेले. बऱ्याच वेळानं ते सवयीनं तीन कप घेऊन आले. एक उज्ज्वलाबाईंसमोर ठेवला, एक स्वतःजवळ, आणि तिसरा हातात धरून तसेच उभे राहिले.

"द्या इकडं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "मी घेते तोही. आज मला घाई नाही."