गोदाक्काचा दोरा

गोदाक्काच्या दुकानात टेप नव्हती. बायकांचे ब्लाऊज शिवणारी बाई आणि टेप नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे. ती दोऱ्यानं माप घ्यायची. रिळाचा नव्हे, गोधडीला वापरतात तसला जाड पांढरा दोरा. छातीभोवती घेतला की एक गाठ, कंबरेला एक, दंडाला एक, मुंढ्याला एक, अशा आठ गाठी. मग टोकाला त्याच ब्लाऊजच्या कापडाची चिंधी बांधून दोरा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. निम्म्या निलंग्याच्या बायका त्या भिंतीवर लटकलेल्या होत्या आणि एकीलाही आपला आकडा माहीत नव्हता.

"आकडा कशाला पायजे?" गोदाक्का म्हणायची. "तू काय अडतीवर आणलेलं सोयाबीन हायस का?"

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बाप गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायचा, मी बी.एस्सी. झाले, वर लॅबचा डिप्लोमा केला, आणि आज लातुरात एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. हे मी जरा मोठ्यानं सांगते, सवय आहे. पण गोदाक्का बारीक व्हायला लागली तेव्हा तिला शाबासकी देणाऱ्या बायकांत मीही होते, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते सांगायचं आहे म्हणून हे लिहिते.

गोदाक्का आमच्या गल्लीच्या तोंडाला राहायची. माहेर सीमेपलीकडं, भालकीकडचं, त्यामुळं माप घेऊन झालं की "साकु" म्हणायची. म्हणजे कानडीत पुरे. अंगानं चांगली ऐसपैस होती. मशीनपुढं खुर्ची नव्हती, सुताराकडून करून घेतलेलं रुंद बाकडं होतं. "खुर्चीला हात असतेत," ती म्हणायची. "बसायच्या आधीच बाईची परीक्षा. कशापायी द्यायची?" येणाऱ्या बायकाही त्याच बाकड्यावर बसायच्या. तिथं कुणी कधी नापास झालं नाही.

माप घ्यायचे तिचे नियम होते. उपाशीपोटी आलात तर परत पाठवायची. बाई उपाशी असली की पोट आत ओढून उभी राहते, माप खोटं येतं, असं तिचं म्हणणं. म्हणून आधी अर्धी भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, ती खाल्ल्याशिवाय दोरा बाहेर निघत नसे. त्यानंतर उभं राहून एक माप आणि बसून एक. "बाई काय दिवसभर फोटूवानी उभी ऱ्हाते? भांडे घासताना बसते, भाकरी थापताना बसते. बसलं की पोट येतंय. येऊ दे की. त्येचंच हाय ते अंग."

एकदा एक बाई आपल्या होणाऱ्या सुनेचा ब्लाऊज टाकायच्या निमित्तानं आल्या. खरं काम वेगळं होतं. पोरगी आत्ताच भरलेली दिसते, पुढं किती वाढेल, याचा अंदाज त्यांना हवा होता. आवाज बारीक करून म्हणाल्या, "अक्का, खरं सांगा, किती भरते पोरगी?"

गोदाक्कानं भिंतीवरचा त्या पोरीचा दोरा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "आठ गाठी भरते."

"आठ म्हंजे?"

"म्हंजे आठ. तुमच्याबी आठच हायेत, दावू का? आन पोराचं माप आणलाव का? न्हाई? मग पोरगं आणा, आमच्यातली माणसंबी इचारून राहिलीत, पोट किती सुटल म्हणून."

आमच्यातली माणसं म्हणजे कोण, ते त्या बाईंना कळलं नाही. तसं कुणी नव्हतंच; तिथं मी आणि माझी आई, दोघीच होतो. आईनं पदर तोंडात धरला होता.

तिची दुसरी खोड म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं कापड. बाकीचे टेलर अर्धं बोट सोडतात, ही दोन्ही कुशीत दोन-दोन बोटं सोडायची. कितीही भारी कापड असो, कापून टाकत नसे. बाळंतपण होतं, आजारपण येतं, चाळिशी येते. टीप उसवली की ब्लाऊज पुन्हा आपला. "कापड मापात बसवायचं असतंय," ती म्हणायची. "माणूस न्हाई."

माझं लग्न ठरलं तेव्हा मी काही बारीक नव्हते. पोराकडच्यांनी काही म्हटलेलं नव्हतं, पण न म्हटलेलंही ऐकू येतं. मी रात्रीचं जेवण सोडलं, सकाळी जिऱ्याचं पाणी सुरू केलं आणि गोदाक्काला ऐटीत सांगितलं, "अक्का, शालूवरचा ब्लाऊज दोन बोटं घट्ट शिव. लग्नापर्यंत मी उतरणार हाय."

"कुठून उतरणार हायस? झाडावरून?"

"मस्करी नको. मी शिकलेली हाय, मला कळतंय."

"बरं," ती म्हणाली. एवढ्यावर गप्प बसली तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

लग्नाच्या दिवशी ब्लाऊज अंगात घातला. नीट बसला. मला वाटलं, उतरले. चार दिवसांनी कळलं की तिनं माझ्या खऱ्या मापाचाच शिवला होता. मी भांडायला गेले तर म्हणाली, "तू उतरल्यावर आत घेऊ की. टीप मारायला येळ किती लागतोय? पन घट्ट शिवला आसता आन मांडवात उसवला आसता तर? सात फेऱ्यात धा येळा मागं हात लावून बगितली आसतीस. लग्न कधी केली आसतीस?"

तिच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट ती सगळ्यांना सांगायची, आणि हसत सांगायची. वरात बैलगाडीतून होती. नवरा मित्रांना म्हणाला, हिला बसवा पण बैलांना आधी दोन भाकरी जास्तीच्या घाला. सगळी वरात हसली. तीन महिन्यांनी तो कामाला म्हणून पुण्याला गेला, तो गेलाच. "बैलं मात्र शेवटपस्तोर चांगली होती," ती शेवटी म्हणायची, आणि बाकडं हलेपर्यंत हसायची. ती हसते म्हणून आम्हीही हसायचो. मी तर ही गोष्ट लातुरात सासरच्यांना सांगूनही हसवलं आहे.

लग्नानंतर माझं निलंग्याला जाणं सणासुदीपुरतं राहिलं. एका पंचमीला माहेरी गेले तर गोदाक्काच्या दुकानात ही गर्दी. बायका ब्लाऊज टाकायला आलेल्या नव्हत्या. बघायला आल्या होत्या. गोदाक्का अर्धी झाली होती. गालाची हाडं दिसत होती. गळा लांब दिसत होता. आणि ज्या दुकानात मान दिसेल एवढाच आरसा होता, तिथं भिंतीला उभा, पायापासून डोक्यापर्यंतचा आरसा आला होता.

"सांगा की अक्का, काय करून राहिलाव?" एकजण म्हणत होती. "आमाला काय सांगून नाही राहिलाव."

"काय न्हाई गं," गोदाक्का म्हणाली. "सांजच्याला भाकर कमी केली."

भाकर कमी केली. ही बाई, जी भाकरी खाल्ल्याशिवाय माप घेत नसे. मला तेव्हाच विचारायला हवं होतं. मी म्हणाले, "अक्का, वळखू येईनास. लई छान दिसून राहिलीस."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग आरशाकडं बघितलं. "खरंच?" म्हणाली.

"खरंच. मी काय खोटं बोलते का?"

मी तिथं तासभर होते. तेवढ्यात तिनं तीनदा तांब्या तोंडाला लावला, दोनदा मागच्या दारी जाऊन आली. दिवसाला चाळीस माणसांची साखर तपासणारी मी, समोर बसून होते. कुणी अनोळखी माणूस लॅबमध्ये येऊन म्हणाला असता, वजन उतरतंय, तहान लागतेय, तर मी सुई हातात घेऊनच त्याला बसवलं असतं. पण बाई बारीक झाली की आमच्या डोळ्यांना आधी कौतुकच सुचतं, डिग्री असली तरी.

दिवाळीला गेले तेव्हा आई म्हणाली, "गोदाक्काला सुई ओवता येईना. मीच ओवून देते रोज धा-बारा." मी तशीच दुकानात गेले. ती मशीनवर होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पायडलवरच्या पायाला चिंधी बांधलेली होती आणि चिंधी ओली होती.

"हे काय?"

"पायडलचा पत्रा घासला. दुखत न्हाई."

"सोड बघू."

जखम मी इथं लिहीत नाही. न दुखणारी जखम म्हणजे काय, हे मला शिकवलेलं आहे. मी बॅगेतलं साखर तपासायचं मशीन काढलं, तिच्या बोटातून थेंब घेतला. आकडा आला.

"सांगू नको," ती म्हणाली.

तो आकडा मी इथंही सांगत नाही. तिला आवडलं नसतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तिला लातूरला नेलं आणि दवाखान्यात भरती केलं.

वॉर्डातही तिचं चालूच. वजनकाट्यावर उभी राहायला तयार होईना. शेवटी डोळे मिटून उभी राहिली आणि सिस्टरला म्हणाली, "मनात वाचा." शेजारच्या खाटेवरची पोरगी दवाखान्याच्या गाऊनमध्ये अंग चोरून बसायची, तिला सांगितलं, "कापड त्येंचं चुकलंय, तुझं न्हाई. मी बरी झाले की नीट करून देते." पायाची दोन बोटं काढली त्या दिवशी मात्र पायावरचं पांघरूण तिनं कुणाला उचलू दिलं नाही.

मी ड्युटी सुटली की जायची. एका संध्याकाळी मी विचारलं. किती दिवस विचारायचं टाळत होते. "अक्का, तुला कळलं नव्हतं का?"

"न कळायला काय झालं? माजाबी दोरा हाय की खिळ्याला. दर अमुशाला घेत होते. गाठ आत सरकून राहिली, आत सरकून राहिली. दुसऱ्या कुणा बाईची आशी सरकली आसती तर तिला वढत डाक्टरकडं नेलं आसतं मी."

"मग?"

तिनं चादरीची उसवलेली कड बोटानं आत दुमडली.

"लोक चांगलं म्हणून राहिले होते गं," ती म्हणाली. "पयल्यांदाच. जनमात पयल्यांदा. म्हनलं, आजून जरा ऐकू. पंचमीपस्तोर. मग तू आलीस. तू तर शिकलेली. तू म्हनलीस तवा वाटलं, आता दिवाळीपस्तोर ऐकू."

तिनं माझा हात थोपटला. "तुजं काय चुकलं न्हाई. दिसतच आसन मी चांगली."

"पहिल्यापासून दिसत होतीस," मी म्हणाले. ते खरं होतं, पण ते पंचमीला म्हणायला हवं होतं. पंचमीच्या आधी, दरवर्षी म्हणायला हवं होतं. आता ते औषधासारखं वाटलं, तिलाही आणि मलाही.

"साकु," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

पायातलं विष वर चढलं. थंडी संपता संपता गोदाक्का गेली. भालकीकडून भाऊ आले, मशीन घेऊन गेले. दोरे कुणालाच नको होते. बायका आल्या, आपापली चिंधी ओळखून आपापला दोरा घेऊन गेल्या. मी माझा घेतला, आणि तिचा.

दवाखान्यातली तिची पिशवी माझ्याकडंच राहिली होती. त्या पिशवीत, दाखल केलं त्या दिवशी अंगात असलेला ब्लाऊज होता, हिरवा, सुती. मी तो उलटा केला. दोन्ही कुशीत टिपा होत्या, एकीच्या आत एक, पाच. दर महिन्याला अंग उतरेल तशी ती ब्लाऊज आत घेत गेली होती. पण कापड कुठंच कापलेलं नव्हतं. सगळंच्या सगळं आत दुमडून ठेवलं होतं, कडा हातानं बारीक टाके घालून पक्क्या केल्या होत्या. आपण परत भरून येणार, तेव्हा लागेल, असं धरून.

एका रविवारी दुपारी मी ब्लेड घेऊन बसले. पहिली टीप उसवली, मग दुसरी. पाचवी निघाली तेव्हा आतला हिरवा रंग बाहेरच्यापेक्षा गर्द निघाला, त्याला ऊन लागलेलंच नव्हतं. मी तो धुतला आणि गच्चीवर तारेला घातला. वारं सुटलं तसा तो दोन्ही कुशींनी फुगला.

सासूबाई पापड उचलायला वर आल्या होत्या. थांबून बघत राहिल्या.

"केवढा मोठा हाय गं. कुणाचा म्हणायचा?"

"मोठा न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "मापाचा हाय."