कसर लागलेली टोपी

"अहो, ती टोपी घालू नका! कसर लागलीय तिला. आज टाकूनच देणार होते मी," आजी स्वयंपाकघरातून ओरडल्या.

आजोबांनी तपकिरी लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढली. "नवी पांढरी बघून पाखरं बिचकतात. आणि तो वटवट्या काय माझी टोपी बघायला येणार आहे?"

जन्मभर शाळेत मुलांना पाखरं ओळखायला शिकवलं, पण पिवळ्या भुवयांचा वटवट्या काही आजोबांच्या नशिबात नव्हता. अंगठ्याएवढा जीव, शहरात चुकूनमाकून येणारा. यंदा एक जण थंडी पडली तरी पलीकडच्या बागेत मुक्काम ठोकून होता. तो सगळ्यांना दिसला. दूधवाल्याला दिसला, ज्यांना कावळा आणि कोकिळा एकच वाटतात त्या शेजारच्या वकिलांनाही दिसला. गारठा वाढला की किडे संपणार आणि पाहुणा निघून जाणार, या धास्तीनं आजोबांची झोप उडाली होती.

मागच्या रविवारी तो दिसायचाच, पण नात ठकी आनंदानं किंचाळली आणि आजोबांच्या वाट्याला नुसती हलणारी फांदी आली. म्हणून आज बागेच्या फाटकातच त्यांनी इमारतीतल्या पोरांना दटावलं.

"पक्षी दिसला तरी बोलायचं नाही. बोट दाखवायचं नाही. जागचं हलायचं नाही. मी हात वर केला की मगच तोंड उघडायचं. कळलं?"

"हो आजोबा!"

आजोबा बाकावर बसले, दुर्बीण समोरच्या झाडावर रोखली आणि दगड झाले. पोरं समोर गवतावर बसली.

थोड्या वेळानं पोरांचे डोळे बशीएवढे झाले. एकानं तोंडात मफलर कोंबला. ठकीचे गाल फुगून लाल झाले. आजोबांनी ओठांवर बोट ठेवून डोळे वटारले. पोरं आणखी ताठ झाली. 'शिस्त म्हणतात ती ही,' आजोबांना भरून आलं.

तेवढ्यात धावायला आलेल्या एक बाई थबकल्या. त्यांनी हळूच मोबाइल काढला आणि चक्क आजोबांचा फोटो घेतला. मागोमाग शेजारचे वकीलही येऊन टक लावून बघत राहिले. 'माणसानं कधी माणूस बघितला नाही की काय!' आजोबा मनात चरफडले. डोक्यात काहीतरी वळवळल्यासारखं झालं, पण खाजवलं तर नियम मोडेल, म्हणून तेही सोसलं.

शेवटी वैतागून त्यांनी हात वर केला.

"आजोबाऽऽ, टोपीऽऽ!" सगळी बाग दणाणली. कानाजवळ फुर्रकन आवाज झाला. आजोबा वळले. फांदी तेवढी हलत होती.

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"तुम्हीच म्हणालात ना, हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही!" ठकी रडवेली झाली.

बाईंनी फोटो दाखवला. टोपीवर ऐटीत बसलेला वटवट्या, चोचीत कसरीची गुबगुबीत अळी आणि खाली ओठांवर बोट ठेवून डोळे वटारणारे आजोबा.

घरी हे ऐकून आजी पदर तोंडाला लावून हसल्या. "बिचाऱ्याला सगळ्या बागेत किडे मिळेनात, आणि तुम्ही डोक्यावर खानावळ घेऊन बसलात!"

दुसऱ्या दिवशी बाकावर आजी बसल्या. "शी! घरी जाऊन आधी डोकं धुणार मी," असं पुटपुटत त्यांनी टोपी चढवली होती. आजोबा पोरांच्या रांगेत, गवतावर. सगळे चिडीचूप.

झाडावरून हिरवट ठिपका सुटला आणि अलगद टोपीवर उतरला. पंखांवरच्या दोन रेघा, इवलीशी चोच आणि डोळ्यांवर अगदी कोरलेल्या पिवळ्या भुवया.

"आला! अगं, आला बघ!" आजोबा दोन्ही हात उंचावून उडालेच.

वटवट्याही उडाला.

पोरांनी एकदम ओठांवर बोटं ठेवली आणि डोळे वटारून आजोबांकडे पाहिलं.