गाडी न्हाय बिघडली

कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'ड्रायव्हर' हा शब्द दिसला की आमच्या शाळेतले सिद्राममामा खुर्चीतून उठून उभे राहतात. आपल्यालाच कुणी हाक मारली, असं त्यांना वाटतं. मी त्याच शाळेत क्लार्क आहे, त्यामुळे हा प्रकार आठवड्यातून दोनदा तरी बघते.

यात त्यांची तरी काय चूक? एकोणीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. सात रस्ता चौकापासून होटगी रोडपर्यंत कुठल्या पोराला गाडी लागते, कुणाची आई फाटकापाशी यायला उशीर करते, सगळं तोंडपाठ. मग शाळेनं कंत्राटावर नवी बस घेतली. बसबरोबर नवा ड्रायव्हर आला, आणि मामांच्या हातात कॉम्प्युटर खोलीच्या किल्ल्या आल्या. आपल्याला बसवरून का उतरवलं, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. ते त्यांना फार लागलं.

त्या खोलीत एकदा प्रिंटर भलतीसलती चिन्हं छापायला लागला. संगणकाचे सर म्हणाले, "नवा ड्रायव्हर आपोआप आलाय. जुना परत आणावा लागेल." मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "पुन्यांदा सांगा," म्हणाले. ड्रायव्हर म्हणजे यंत्राला कॉम्प्युटरची भाषा समजावणारा छोटा प्रोग्रॅम, हे सरांनी परोपरीनं सांगितलं. मामांनी त्यातलं एवढंच घेतलं, की इथं जुन्याला परत आणायचं बटण असतं.

तेव्हापासून त्यांचं निदान ठरलेलं. "गाडी न्हाय बिघडली. ड्रायव्हर बदललाय." एकदा अख्ख्या पेठेची वीज गेली होती, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं.

टायर बघावेत तशी ते आधी टेबलाभोवती फेरी मारतात, वायरी दाबून पाहतात. मग चष्मा पुसून कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांची यादी, म्हणजे 'डिव्हाइस मॅनेजर', उघडतात आणि काम संपेपर्यंत कुणाला बोलू देत नाहीत. कधी ते बटण दबतच नाही, कारण जुना ड्रायव्हर मशीननं ठेवलेलाच नसतो. मग त्यांचा चेहरा पडतो. "पार पुसून टाकलं की वो बिचाऱ्याला," म्हणतात, आणि त्या दिवशी चहा घेत नाहीत.

परवा शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस, आणि माझ्या कॉम्प्युटरचं इंटरनेट गायब. दुकानातला इंजिनिअर आला, सगळं पुसून नव्यानं भरू म्हणाला. मामा भडकलेच. "एका ड्रायव्हरपायी आख्खी बस भंगारात घालता व्हय?"

ते माझ्या खुर्चीत बसले. यादीत इंटरनेटचं नेटवर्क कार्ड शोधलं, 'रोल बॅक ड्रायव्हर' हे जुन्याला परत आणायचं बटण दाबलं. त्यावर कॉम्प्युटर विचारतो, जुना ड्रायव्हर परत का आणताय? आपण कुठल्याही कारणावर टिचकी मारून मोकळे होतो. मामा मात्र खालच्या रिकाम्या चौकटीत एका बोटानं मराठीत टाइप करत बसले. मी मागून वाकून वाचलं.

'विषय: जुन्या ड्रायव्हरला परत कामावर घेणेबाबत. महोदय, सदर ड्रायव्हर इमानदारीने काम करत होता. त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. त्याला न विचारता काढले. नवीन वाईट आहे असे नाही, पण त्यास इथली माहिती नाही. तरी विचार व्हावा.'

इंजिनिअर हसला. मलाही आधी हसूच आलं. इंटरनेट सुरू झालं, अर्ज वेळेत गेले.

जाता जाता मामा दारात थांबले. "म्याडम, ह्येचं उत्तर किती दिसांनी येतं वो?"

"येईल की मामा, वेळ लागतो," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच अडखळले. चार वर्षांपूर्वी हेच वाक्य मी त्यांना ऐकवलं होतं. 'मला बसवरून का काढलं?' एवढंच विचारणारा त्यांचा अर्ज मीच घेतला होता, शिक्का मारून मीच फायलीत लावला होता. त्यानंतर तो कुणी पाहिला नाही, मीसुद्धा नाही. मला स्वतःची लाज वाटली.

"नाही येत, मामा," मी खरं ते सांगितलं. "तिकडं कुणी वाचतही नसेल."

मामांनी किल्ल्या खिशात घातल्या. "आसू द्या की. का म्हून, ह्ये मशिनीनं इचारलं तरी. लई झालं तेवढं."