खाडाखोड चालणार नाही

शालिग्राम मास्तरांची दोन दिवसांपासून झोप उडाली होती. जिल्हा कौन्सिलानं जानेफळला स्वच्छतेचं तीनशे रुपयांचं बक्षीस दिलं होतं आणि ते गावातल्या तीन गटांनी वाटून घ्यायचं होतं. तिघांचं जुळलं तर उत्तमच. नाही तर निदान दोघांनी समेट करून छापील कागदावर अंगठे उठवायचे, उरलेल्यानं हात चोळत बसायचं. कागद एकच होता, त्यावर फक्त नावं आणि अंगठे घ्यायचे होते आणि त्याच्या तळाशी छापलं होतं, 'खाडाखोड चालणार नाही.' सोमवारी कौन्सिलचे साहेब येईपर्यंत मास्तरांनी कागद तयार ठेवला नाही, तर बक्षीस दुसऱ्या गावाला आणि मास्तरांची बदली थेट सातपुड्याच्या पायथ्याशी, असा दम मिळाला होता. बायकोला, रुखमाबाईला, सातवा महिना. तिची आई जवळच मेहकरला. बदलीच्या नुसत्या विचारानं मास्तरांना घास गिळवेना.

"तिघांले शंभर-शंभर देऊन टाका ना," रुखमाबाई म्हणाली.

"तुले त्यातलं समजत नाही. हे तिघं एका ओट्यावर बसत नाहीत, एका कागदावर कुठून येतील?"

शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचे पुढारी वामनराव आणि तालमीचा निवृत्ती पहिलवान आले. वामनरावांना शेतकऱ्यांच्या ढोरांसाठी पाण्याचं हाळ बांधायचं होतं, निवृत्तीला तालमीवर टिनं टाकायची होती. दीडशे-दीडशे ठरलं. दोघांनी मारुतीची शपथ घेतली, अंगठे उठवले. मास्तर त्या दिवशी दोन भाकरी जेवले.

दुपारी निवृत्ती परत आला. सोबत बाजारातल्या दुकानदारांचे पुढारी बशीरभाई.

"मास्तर, कागद काढा," निवृत्ती म्हणाला. "बशीरभाई मले दोनशे देऊन राह्यले."

"आणि वामनराव?"

"त्याईले सांगू नका."

"अरे, पण तुझा अंगठा आहे ना यावर."

"तो सकाळचा. बोलणं मोडलं, अंगठा बी मोडला. खोडून टाका."

मास्तरांनी तळाची ओळ वाचून दाखवली. सरकारी कागदावर काट मारायची छाती तिघांपैकी एकाचीही नव्हती. शेवटी बशीरभाईंनीच तोडगा काढला. "जुना राहू द्या जी. त्याच्या खाली नवे मारू. शेवटचे ते खरे."

रविवारी वामनरावांना कळायचं ते कळलंच. निवृत्तीला ते एका शब्दानं बोलले नाहीत, सरळ बशीरभाईंच्या दुकानात गेले. "शंभरावर काऊन राजी झाले बशीरभाई? माह्यासंगं या, एकशेसाठ तुमचे." बशीरभाई आले. कागदावर आणखी दोन अंगठे पडले आणि मास्तरांना आणखी एक गुपित सांभाळायला मिळालं. त्यांची भाकरी पुन्हा ताटात राहू लागली.

सोमवारी सकाळी निवृत्तीला सुगावा लागला, तसा तो वामनरावांच्या पाया पडला. वामनरावांना दहा रुपये जास्तच सुटत होते; दोघं जुन्या बोलीवर आले, पुन्हा अंगठे उठले. तेवढ्यात साहेबांचा टांगा शाळेपुढे थांबला.

सगळं गाव जमलं. मास्तरांनी कागद पुढे केला. साहेबांनी चष्मा पुसून आठ अंगठे मोजले, खालची नावं वाचली.

"तिन्ही गट," साहेब म्हणाले. "तेही एकेकानं दोन-दोन, तीन-तीनदा कबुली दिलेली. असा समेट मी अख्ख्या वऱ्हाडात पाहिला नाही. मग तिघांना शंभर-शंभर. कोणाची हरकत?"

हरकत घ्यायची तर कोणी कोणाला कसं फसवलं, हे गावासमोर सांगावं लागलं असतं. तिघंही आपापल्या काळ्या अंगठ्याकडे बघत राहिले. मास्तरांना कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली.

"मास्तर, तुम्ही इथे वाया चाललात," साहेब म्हणाले. "सातपुड्याच्या पायथ्याशी, जामोदकडे एका गावात सात गट दोन वर्षं भांडतायत. पगारात पाच रुपये वाढ देतो. आठ दिवसांत तिकडे हजर व्हा."

मास्तर घाईनं पुढे झाले. "साहेब, गाव मला सोडणार नाही. विचारा ना यांना."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोण कोणावर उलटला, हे सगळं ठाऊक असलेला गावात एकच माणूस होता.

"घेऊन जा जी साहेब," वामनराव म्हणाले.

"हुशार आदमी हाय," बशीरभाई म्हणाले. निवृत्तीनं जोरात मान हलवली.

घरी रुखमाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग पोटावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "म्हंजे शेवटी शंभर-शंभरच ना?"

मास्तरांनी दाराबाहेर पाहिलं. मुदत आठ दिवसांची होती, पण सामान न्यायला तिघांच्या घरच्या तीन बैलगाड्या तेव्हाच दारात येऊन उभ्या होत्या.