सरोदे सरांची करडई

आमच्या अकोल्याच्या कॉलेजातले सरोदे सर स्वतःच्याच कुलूपबंद खोलीचं दार आधी वाजवत. क्षणभर कान देऊन थांबत, मग "आलो बरं का" म्हणत कुलूप उघडत. आत माणूस नसे. नुसत्या काचेच्या नळ्या.

साठ सालानंतरची गोष्ट. ते वनस्पतिशास्त्र शिकवत, मी रसायन. मधे एक भिंत. पलीकडून त्यांचं बोलणं ऐकू येई : "काहून रुसून राहिली? नारळाचं पानी तं देल्लं तुले!" पोरं म्हणत, सरांच्या खोलीत हडळ आहे. सर म्हणत, "असन तं तिनंही फी भरली पायजे."

एका दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. "चपला बाहेर, हात धुवा, आन् शिंकू नका."

करडईच्या रोपाचा नखाएवढा तुकडा त्यांनी नारळाचं पाणी घालून नळीत वाढवला होता. त्याचा पिवळट गोळा झाला होता. ना मूळ, ना पान. तरी गोळा फुगत होता. ज्या रोपाचा तो तुकडा, ते केव्हाच वाळून गेलं होतं.

"म्हणजे ते मेलं," मी म्हणालो.

"कोन म्हन्ते?" सरांनी तापवलेल्या पात्यानं गोळ्याचे दोन भाग केले. "आता सांगा, यातला पहिला कोन्ता?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी ते वेगवेगळ्या नळ्यांत ठेवले.

पुढे दोन्ही नळ्यांत कोंब फुटले. कोंब उजेडाकडे वळतात. हे मात्र खिडकीकडे पाठ करून सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे वाकले होते. मी नळ्या फिरवून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीकडेच.

"राहू द्या," सर हळूच म्हणाले. "पाहू द्या त्याइले."

मुळं धरल्यावर, दिवाळीनंतर, सरांनी दोन्ही रोपं घरच्या अंगणात लावली. थोड्याच दिवसांत एक वाळलं. सर कॉलेजात येईनात, म्हणून मी घरी गेलो. एकटाच माणूस, उरलेल्या रोपाशेजारी उकिडवा बसलेला.

"आमी जुळे होतो," ते मान वर न करता म्हणाले. "केशव आन् वामन. चार वर्साचे असताना तापात एक गेला. कोन्ता, ते कोनाले नक्की सांगता आलं नाही. बाप म्हने वामन गेला. त्यानं शाळेत माहं नाव केशव लावलं. माय मले वामनच म्हने, मरेपर्यंत. मी दोघाइलेही ओ देत होतो."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मले काय आठवते?" त्यांनी पानावरची धूळ बोटानं पुसली. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माय गेल्यापासून त्या नावानं कोनी हाक मारली नाही. एक डाव माराल?"

मी म्हणालो, "वामन."

"ओ," सर म्हणाले.

आवाज चार वर्षांच्या पोराचा होता.